हिंज कटिंग

झाड पूर्ण न तोडता खोडात अर्ध्याहून अधिक खोल काप घेऊन ते आडवे पाडण्याची पद्धत. कापाच्या मागच्या बाजूला साल आणि रसकाष्ठाची एक पट्टी मुद्दाम शाबूत ठेवतात. दार जसे बिजागरीवर, तसे झाड त्या पट्टीवर बुडख्याला टिकून राहते. मुळांकडून येणारे पाणी पट्टीतून चालू राहत असल्याने ते आडवे पडूनही काही वर्षे पालवते. मराठीत तिला ‘बिजागरी तोड’ म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व व मध्य-पश्चिम भागांत, शिकारीसाठी राखलेल्या खाजगी जंगलांत ती रूढ आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला (ओडोकॉइलियस व्हर्जिनिआनस) खायला पाला आणि बसायला आडोसा एकाच जागी मिळावा, हा तिचा हेतू.

ही पद्धत जंगलमालकांनी उचलून धरण्यामागे तिथल्या कायद्याचा मोठा भाग आहे. अमेरिकेत जमीन आणि तिच्यावरची झाडे मालकाची असतात, पण रानातले हरीण मालकाचे नसते. ते राज्यातील जनतेच्या वतीने राज्य सांभाळते. शिकारीचा हंगाम, परवाना आणि किती हरणे मारायची ही मर्यादा राज्य ठरवते. मालकाच्या हाती राहतात ती झाडे. हरीण आपल्या शिवारात टिकावे असे वाटणाऱ्याला पहिली करवत झाडांनाच लावावी लागते. एकोणिसाव्या शतकातील बाजारू शिकारीने १९०० च्या सुमारास देशभरात जेमतेम तीन ते पाच लाख हरणे उरली होती, असा अंदाज आहे. १९०० च्याच लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आज हरणांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. तेव्हा हिंज कटिंग हा दुर्मिळ प्राणी वाचवण्याचा उपाय नव्हे. मुबलक असलेला प्राणी शेजाऱ्याच्या नव्हे तर आपल्या हद्दीत राहावा, यासाठीचा तो उपाय आहे, आणि त्याविषयीचे बरेच वाद यातूनच निघतात.

मुळात झाड तोडल्याने हरणाचे भले कसे होते, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. हे हरीण मुख्यतः गवतावर जगत नाही. रुंद पानांची रानरोपे, कोवळी डहाळी, कळ्या, फळे आणि ओकची फळे हा त्याचा आहार. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने ते डहाळी कापत नाही, ओढून तोडते. म्हणून त्याने खाल्लेल्या काडीचे टोक फाटलेले दिसते आणि सशाने खाल्लेल्या काडीचे सुरीने छाटल्यासारखे. त्याचे तोंड जमिनीपासून साधारण दीड मीटरपर्यंतच पोचते. पूर्व अमेरिकेत सोडून दिलेल्या शेतांवर आणि एकदा सरसकट तोडलेल्या डोंगरांवर वाढलेली जंगले आज बरीचशी एकाच वयाची आहेत. वर पानांचे छत मिटले की खाली ऊन पोचत नाही, झुडपे मरतात, आणि तळाशी पालापाचोळा व मोकळी खोडे एवढेच उरते. माणसाला असे रान देखणे वाटते. हरणाला तिथे पोटभर मिळत नाही आणि दडायलाही जागा नसते. अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड याने १९३३ च्या ‘गेम मॅनेजमेंट’ या ग्रंथात मांडले, की ज्या साधनांनी वन्यप्राणी संपवले त्याच साधनांचा विचारपूर्वक वापर करून ते परत आणता येतील. त्याने मोजलेल्या पाच साधनांत पहिली होती कुऱ्हाड. उरलेली नांगर, गाय, आग आणि बंदूक.

पद्धत ऐकायला सोपी, करायला घातक आहे. पोटरीएवढ्या किंवा फार तर मांडीएवढ्या जाडीची, म्हणजे १० ते २० सेंमी. व्यासाची झाडे निवडतात. कमरेच्या ते छातीच्या उंचीवर, वरून खाली तिरका काप घेतात. चेनसॉ (यांत्रिक करवत) दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश आत गेली की थांबून झाड हाताने किंवा आकड्याच्या लांब काठीने हळूहळू ढकलतात. काप जितका तिरका, तितकी बिजागरी लांब आणि लवचीक. घाई केली तर पट्टी तुटते आणि उरते साधी लाकूडतोड. ताणात असलेले खोड कापताना उभे चिरते आणि चिरलेला तुकडा मागे, कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. लाकूडतोडे या प्रकाराला ‘बार्बर चेअर’, म्हणजे न्हाव्याची खुर्ची म्हणतात. विनोदी नाव आहे, पण याने माणसे मेली आहेत. त्यात इथला काप बुंध्याशी नसून छातीसमोर असतो आणि शेजारच्या अर्धवट पडलेल्या झाडांत पाय अडकण्याचा संभव असतो. शिरस्त्राण, पायांवरचे संरक्षक कवच आणि सोबतीला माणूस या तीन गोष्टींशिवाय हे काम करूच नये.

काम बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस, शिकारीचा हंगाम संपल्यावर करतात. तेव्हा हरणाची सर्वांत उपासमारीची वेळ असते आणि पडलेल्या शेंड्यावरच्या कळ्या लगेच कामी येतात. उत्तरेकडच्या राज्यांत चेनसॉचा आवाज ऐकून हरणे पळण्याऐवजी जवळ येतात, हा तिथल्या लाकूडतोड्यांचा जुना अनुभव आहे. आवाज म्हणजे जेवण हे त्यांना कळलेले असते. मात्र कडाक्याच्या थंडीत गोठलेले लाकूड वाकण्याऐवजी मोडते. एल्म, हॅकबेरी, हिकरी आणि मॅपलच्या बऱ्याच जाती चांगल्या वाकतात. ओक सहसा वगळतात, कारण त्याची फळे हरणाला हवी असतात आणि लाकडाला भाव असतो. शिवाय वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी ओकला जखम केली तर तिच्या वासाने येणारे भुंगे ‘ओक विल्ट’ या बुरशीचा रोग आणतात. ॲशची गोष्ट वेगळी. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या पाचूरंगी पोखरकिड्याने कोट्यवधी ॲश मारले, आणि वाळलेला ॲश इतका ठिसूळ असतो की त्याला हात न लावलेलाच बरा.

चाऱ्याइतकाच आडोसा महत्त्वाचा, किंबहुना अनेक शिकारी आडोशासाठीच हे करतात. हरीण दिवसाचा मोठा भाग बसून रवंथ करते. पाठीशी आडवे खोड, समोर नजर टाकायला मोकळी जागा आणि मागून येणारा वारा अशी बैठक त्याला आवडते. आडव्या झाडांच्या रांगा करून वाट ठरवीक ठिकाणाहून, म्हणजे शिकाऱ्याच्या मचाणासमोरून, जाईल अशीही मांडणी करतात. हौशी माणूस इथेच फसतो: झाडे मन मानेल तशी एकमेकांवर पाडली की असे जाळे तयार होते, ज्यात हरीण शिरतच नाही.

वनतज्ज्ञांचे या पद्धतीविषयीचे मत फारसे अनुकूल नाही. बिजागरी केलेले झाड लाकूड म्हणून कायमचे वाया जाते. फुटलेले धुमारे काही वर्षांत हरणाच्या तोंडाच्या वर जातात, आणि जिवंत राहिलेला शेंडा खालच्या नव्या रोपांवर सावली धरतो. ऊन जमिनीवर आणण्यासाठी केलेल्या तोडीने जमिनीवरच सावली धरावी, ही विसंगती त्यांना खटकते. ते सांगतात त्या पर्यायांत नको असलेली झाडे साल वर्तुळाकार कापून किंवा तणनाशक देऊन उभ्यानेच मारणे, छोट्या तुकड्यांत सरसकट तोड करणे आणि नियंत्रित आग लावणे हे येते. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या हरीण प्रयोगशाळेने ‘मिनरल स्टंप’ ही कल्पना लोकप्रिय केली. यात झाड बुंध्याशी तोडून बुडख्याला फुटू देतात. जुन्या मुळांच्या जोरावर आलेले हे फुटवे अधिक सकस असतात आणि ते तोंडाच्या वर गेले की पुन्हा छाटता येतात.

याहून मोठा आक्षेप परकीय वनस्पतींचा आहे. छत उघडले की ऊन कोणाला मिळेल हे करवत ठरवत नाही. झुडपी हनीसकल, बकथॉर्न, ऑटम ऑलिव्ह, मल्टिफ्लोरा गुलाब ही परदेशी झुडपे आधीच तळाशी असली, तर दोन-तीन वर्षांत तीच रान व्यापतात. यातला मल्टिफ्लोरा गुलाब जमिनीची धूप रोखायला आणि जिवंत कुंपणासाठी एकेकाळी सरकारी मृदसंधारण खात्यानेच शेतकऱ्यांना लावायला सांगितला होता. आणि हरणेच जास्त असतील तर तोडीचा उपयोग उलटा होतो: ती ओकची रोपे वर येऊ देत नाहीत आणि त्यांना न आवडणारे नेचे पसरतात. पेनसिल्व्हेनियातील ॲलेघेनी पठारावरच्या जंगलांत असे नेच्यांचे गालिचे दिसतात. अशा ठिकाणी झाडाआधी माद्यांची संख्या कमी करावी लागते, आणि मोठ्या शिंगांच्या नरासाठी जमीन राखणाऱ्याला हे पटवणे अवघड जाते. हरणे एका जागी जमवण्याचाही धोका आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडलेला हरणांचा क्षयकारी मेंदूरोग लाळ व मलमूत्रातूनही पसरतो.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीसाठी राखलेली जमीन हा प्रकारच उरला नाही, आणि महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरील अनेक जातींची झाडे तोडायलाही परवानगी लागते. जीवशास्त्रही वेगळे आहे: चितळ हा प्रामुख्याने गवत खाणारा. म्हणून ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावे हलवल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे राखली गेली, झाडे आडवी केली गेली नाहीत. तरीही गवत वाळल्यावर उन्हाळ्यात चितळ पाल्याकडे वळतो, आणि तेव्हा तो वानरांच्या टोळीखाली उभा दिसतो. वानरे खाता खाता बरीच पाने, फुले आणि फळे खाली टाकतात.