परवाना, पोलीस आणि चौकशी : मॉरिशस व कॅरिबियन वसाहतींतील भारतीय मजुरांच्या संदर्भात (१८६७–१८८५)

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील कोकणच्या स्थलांतराचा विचार मराठी इतिहासलेखनात बहुधा मुंबईच्या गोदीपाशी अथवा गिरणगावापाशी येऊन थांबतो. त्याच काळात रत्नागिरी, कुलाबा (१९८१ पासून रायगड), सातारा या जिल्ह्यांतून काही हजार माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेली, ही बाब आपल्याकडे अजूनही तळटीपेपुरतीच उरली आहे. कलकत्ता व मद्रास या बंदरांच्या तुलनेत मुंबईचा वाटा अल्प होता हे खरे. तथापि मॉरिशसमध्ये आजही मराठी भाषक समाज आहे, कास्काव्हेल येथील गणेशोत्सव आहे आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टीही आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र उत्सव वा भाषा हा नाही. घर सोडून परमुलखात गेलेल्या मजुराशी तेथील पोलीस जेव्हा कायद्याच्या नावाखाली बेकायदा वागतात, तेव्हा पोलिसांना जाब कोणी विचारावा, हा या निबंधाचा प्रश्न आहे. मॉरिशस, ब्रिटिश गयाना आणि त्रिनिदाद या तीन वसाहतींत १८६९ ते १८८५ या काळात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. जेथे जाब विचारला गेला तेथे तो वसाहतीबाहेरून विचारला गेला आणि मळेवाल्यांनी त्यास ‘परक्यांचा हस्तक्षेप’ म्हणून विरोध केला. पण चौकशी करणारा बाहेरचा असला की न्याय मिळतोच, असेही या इतिहासावरून म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी – घाटातील मजूर आणि समुद्रापारचा मजूर :

विषयाकडे वळण्यापूर्वी जवळचे एक उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. मोहोपाडा ज्या खालापूर तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील खोपोलीच्या वर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचा लोहमार्ग बांधला. कामाच्या ऐन भरात, म्हणजे १८६१ च्या सुमारास, येथील मजुरांची संख्या ४२ हजारांपर्यंत गेली होती. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये या घाटात मजुरांचा उद्रेक झाला. चौकशीत मजुरांच्या गाऱ्हाण्यात तथ्य आढळले आणि पुढच्याच वर्षी रेल्वे व सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांनी सोडवावेत असा कायदा झाला. परंतु १८५९ मध्येच करार मोडणाऱ्या कामगारास फौजदारी शिक्षा देणारा कायदाही झाला होता. दाद मागण्याचा मार्ग आणि तुरुंगाचा मार्ग अशा प्रकारे एकाच वेळी खुले झाले. समुद्रापलीकडील वसाहतींत यापैकी दुसरा मार्ग पुष्कळच रुंद होता.

मॉरिशसमध्ये गिरमिट पद्धतीचा आरंभ १८३४ साली झाला. दुरवस्थेच्या तक्रारींमुळे काही काळ बंद पडलेली ही वाहतूक १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. कॅरिबियनकडे पहिली जहाजे १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला पोचली. ‘फातेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचले. कॅरिबियनला जाणारे मजूर मुख्यतः कलकत्त्याहून व काही प्रमाणात मद्रासहून जात असत. मराठी माणूस तेथे क्वचितच पोचला. असे असले तरी ब्रिटिश वसाहत खात्याच्या दृष्टीने मॉरिशस आणि कॅरिबियन ही एकाच साखर-व्यवस्थेची दोन टोके होती. गव्हर्नर, न्यायाधीश आणि कायद्यांचे मसुदे या दोन टोकांमध्ये ये-जा करीत असत.

१८६७ चा कायदा :

कराराची पाच वर्षे पुरी केलेल्या मजुरास मॉरिशसमध्ये ‘जुना प्रवासी’ म्हणत. यांपैकी कोणी भाजीपाला पिकवी, कोणी दूध विकी, कोणी फेरीचा धंदा करी, तर कोणी बैलगाडी हाकी. कायद्याने तो मुक्त होता. मळेवाल्यांना मात्र तो मुक्त राहणे परवडणारे नव्हते, कारण जुना मजूर पुन्हा करारबद्ध झाला तर नवा मजूर हिंदुस्थानातून आणण्याचा खर्च वाचत असे. हिवतापाच्या भयंकर साथीने १८६७ मध्ये बेटावर हाहाकार उडविला. त्याच वर्षी गव्हर्नर सर हेन्री बार्कली यांच्या कारकिर्दीत त्या सालचा ३१ वा वटहुकूम अमलात आला.

या कायद्यानुसार प्रत्येक जुन्या प्रवाशाने छायाचित्र लावलेले तिकीट बाळगणे बंधनकारक झाले. राहत्या जिल्ह्याची नोंद पोलिसांकडे करावयाची, घर बदलल्यास पुन्हा कळवावयाचे, जिल्ह्याबाहेर जावयाचे तर पोलिसांचा परवाना घ्यावयाचा. तिकीट हरवल्यास दुसऱ्यासाठी शुल्क भरून पोर्ट लुईच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागत. कागद जवळ नसेल तर वॉरंटाशिवाय अटक होई. उपजीविकेचे साधन दाखविता आले नाही की माणूस ‘भटका’ ठरे आणि त्याची रवानगी भटक्यांसाठीच्या खास कोठडीत होई. करारबद्ध मजुरासाठी ‘दुहेरी कपात’ होतीच. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे मळ्याच्या आत मुकादमाची वही आणि मळ्याबाहेर शिपायाची वही, अशी ही रचना होती.

येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घेतली पाहिजे. या व्यवस्थेत पोलीस भ्रष्ट झाले होते एवढेच म्हणणे अपुरे आहे. परवान्याची मुदत काल संपली की परवा, कागदावरील चेहरा याचाच की दुसऱ्याचा, हे ठरविण्याचा अधिकार रस्त्यावरील शिपायाच्या हाती देण्यात आला होता. ज्याची चूक नाही अशा माणसालाही एक रात्र कोठडीत काढावी लागली की दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडे, आणि पुढच्या वेळी मळ्याच्या करारावर अंगठा उठविणे त्याला सोपे वाटे. कायद्याचा हेतू साध्य होण्यासाठी शिक्षा होणे आवश्यकच नव्हते. अटक पुरेशी होती.

ज्या वर्षी मॉरिशसमध्ये हा वटहुकूम निघाला त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा जिल्हा पोलीस कायदा (१८६७ चा ७ वा) झाला, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. पुढे १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यातही हजेरी, परवाना आणि विनापरवाना गाव सोडल्यास शिक्षा हीच सूत्रे होती. साम्राज्याच्या दप्तरखान्यात कल्पना फार वेगाने प्रवास करीत असत.

अर्ज आणि चौकशी :

मॉरिशसमध्ये या व्यवस्थेविरुद्ध दाद मागणारा अर्ज १८७१ साली तयार झाला. त्यावर ९,४०१ जुन्या प्रवाशांच्या सह्या वा निशाण्या होत्या. मजकूर लिहिण्यात पुढाकार आडोल्फ द प्लेव्हिट्झ या गृहस्थांचा होता. हे पॅरिसमध्ये जन्मलेले आणि नूव्हेल देकुव्हर्त येथील मळ्याशी संबंधित गृहस्थ होते. गोऱ्या वर्गातील माणसाने मजुरांची बाजू घ्यावी हे मळेवाल्यांना असह्य झाले. भर रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला आणि या ‘परक्या’ माणसास वसाहतीतून हद्दपार करावे अशी मागणी करणारा प्रतिअर्ज फिरविण्यात आला. फ्रेंच वंशाच्या ज्या जमीनदारांचे पूर्वजच बाहेरून आले होते, त्यांनी एका तक्रारदाराला परका ठरवावे यातील विरोधाभास त्यांच्यापैकी फारसा कोणाला जाणवलेला दिसत नाही.

नवे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी हा अर्ज फेटाळला नाही. पोलिसांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी झाली आणि १८७२ मध्ये लंडनहून शाही आयोग नेमण्यात आला. विल्यम एडवर्ड फ्रिअर आणि व्हिक्टर विल्यमसन हे त्याचे दोन सदस्य होत. यांतील फ्रिअर हे मुंबईच्या सनदी सेवेतील निवृत्त अधिकारी होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मुंबई इलाख्याच्या कारभारात घडलेला एक माणूस या निमित्ताने मजुरांच्या जगाच्या दोन्ही टोकांना पोचला. मॉरिशसपूर्वी, १८७० मध्ये, ब्रिटिश गयानातील चौकशी आयोगावरही तेच होते.

आयोगाने मळ्यांना प्रत्यक्ष भेटी दिल्या, हिशेबाच्या वह्या तपासल्या, मजुरांच्या साक्षी घेतल्या. त्याचा विस्तृत अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा मूळचाच जाचक आहे आणि पोलीस त्या कायद्याच्याही पलीकडे जाऊन अटका करीत आले आहेत, असे चित्र त्यातून पुढे आले. त्याचा परिणाम म्हणून १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. भटकेपणाच्या नावाखाली होणाऱ्या अटका पुढील वर्षांत ओसरत गेल्या.

हे यश कसे शक्य झाले? आयोगाची सचोटी हे एक कारण होय. परंतु माझ्या मते अधिक निर्णायक कारण असे की, मॉरिशसची साखर हिंदुस्थान सरकारच्या परवानगीवर अवलंबून होती. कलकत्त्याहून मजुरांची वाहतूक थांबविण्याचा अधिकार त्या सरकारला होता आणि १८३९ मध्ये तो वापरलाही गेला होता. मळेवाल्यांना हस्तक्षेपाची भीती वाटत होती ती याच कारणाने.

गयाना आणि त्रिनिदाद :

ब्रिटिश गयानात चौकशीला निमित्त झाले ते एका पत्राचे. पूर्वी तेथे दंडाधिकारी असलेले जॉर्ज विल्यम डे व्ही यांनी २५ डिसेंबर १८६९ रोजी सेंट लुशियाहून वसाहतमंत्र्यांना दीर्घ पत्र लिहिले आणि दंडाधिकारी मळेवाल्यांच्या पंगतीला बसून न्याय कसा करतात याचे वर्णन केले. आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला. डे व्ही यांचे काही आरोप त्याला अतिरंजित वाटले, तरी व्यवस्थेतील दोष त्यानेही मान्य केले. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच १८७२ च्या सप्टेंबर अखेरीस डेव्हनशायर कॅसल मळ्यावर पोलिसांनी मजुरांवर गोळीबार केला. त्यात पाच जण ठार झाले. लिखित शिफारशी शिपायाच्या बंदुकीपर्यंत पोचण्यास किती वेळ लागतो, याचे हे खेदजनक उदाहरण होय.

त्रिनिदादची घटना अधिक गंभीर आहे. मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक तेथे ‘होसे’ म्हणून ओळखली जाते आणि तीत हिंदू मजूरही मोठ्या संख्येने सामील होत असत. सरकारने १८८४ मध्ये नियम करून या मिरवणुकांना सान फर्नांदो शहरात येण्यास मनाई केली. मजुरांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. दिनांक ३० ऑक्टोबर १८८४ रोजी शहराच्या वेशीवर पोलीस व सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. किमान सोळा जण मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. चौकशीसाठी जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. ते त्रिनिदादबाहेरचे होते, हिंदुस्थानात प्रदीर्घ लष्करी व प्रशासकीय सेवा केलेले होते, आणि तरीही त्यांच्या १८८५ च्या अहवालाने पोलीस व अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले.

मॉरिशस आणि त्रिनिदाद यांतील हा फरक केवळ चौकशी करणाऱ्याच्या स्वभावाने उलगडत नाही. मॉरिशसच्या आयोगापुढे रोजच्या अटकांचा, कपातीचा, तिकिटांचा वर्षानुवर्षांचा लेखी पुरावा होता आणि त्यामागे साडेनऊ हजारांच्या आसपास माणसांची लेखी तक्रार होती. त्रिनिदादमध्ये चौकशी एका दिवसाच्या गोळीबाराची होती. तेथे प्रश्नच असा विचारला गेला की, त्या क्षणी जमावास रोखणे आवश्यक होते काय? सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा एका गव्हर्नरने दुसऱ्या वसाहतीच्या अधिकाऱ्यांविषयी या प्रश्नाचे काय उत्तर द्यावे, हे फारसे अनपेक्षित नव्हते. जमैकात १८६५ च्या मोरंट बे येथील उठावानंतर चारशेहून अधिक माणसे मारली गेली, तेव्हाही गव्हर्नर आयर यांना परत बोलावण्यात आले. लंडनमध्ये त्यांच्यावर खटला उभा करण्याचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. त्या प्रकरणात पीडितांची बाजू मांडण्यासाठी जमैकाला गेलेले वकील जॉन गॉरी हे पुढे मॉरिशसमध्ये, आणि कालांतराने त्रिनिदादमध्येही, न्यायाधीश झाले. अशी माणसे थोडी होती.

स्वदेशातील परवाना :

गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला, तरी पुढील काही वर्षांतच ती पद्धत संपुष्टात आली. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही ‘उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि भटकत असलेला’ माणूस हा संशयित मानण्याची कल्पना गेली नाही. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने अशा माणसाचा समावेश भिकाऱ्याच्या व्याख्येत केला आणि त्यास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातील प्रमुख तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या.

पोलिसांच्या उत्तरदायित्वाबाबत स्वतंत्र भारतात महत्त्वाचे निर्णय झाले आहेत. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कार्यपद्धती घालून दिली. प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश झाला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य व विभागीय स्तरांवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली आणि राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाकडे सोपविले. ही रचना १८७२ च्या आयोगापेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. ती कायमस्वरूपी आहे, आणि तिच्यासाठी कोणा गव्हर्नरच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

परंतु फ्रिअर आणि विल्यमसन मळ्यांवर गेले होते. कर्जत-खालापूर परिसरातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून मजूर येतात. अशा माणसाला एखाद्या ठाण्यात रात्रभर बसवून ठेवले गेले, तर तक्रार करण्याचे ठिकाण आज कायद्याने अस्तित्वात आहे. मात्र तेथे जाण्यासाठी त्याला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि तक्रारीची सुनावणी येईपर्यंत भट्टीचा हंगाम संपून तो दुसऱ्या जिल्ह्यात, अथवा दुसऱ्या राज्यात, गेलेला असतो.