सायकलची गिअर केबल : निगा आणि बदल

शिफ्टरची टिचकी वाजूनही साखळी जागची हलेनाशी झाली, की दोष सहसा गिअरला दिला जातो. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा हँडलपासून मागच्या चाकापर्यंत गेलेल्या बारीक पोलादी तारेत असतो. आवरणातून सरकणाऱ्या तारेची ही रचना बाउडेन केबल म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट बाउडेन यांनी तिचे ब्रिटिश पेटंट १८९६ मध्ये घेतले.

गिअरची तार सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची असते. शिमानोच्या आठ गिअरच्या यंत्रणेत एका टिचकीसरशी ती सरासरी २.८ मिलिमीटरच सरकते. त्यामुळे आवरणात शिरलेले पावसाचे पाणी, चिखल वा गंज यांनीही गणित बिघडते. मागच्या डिरेलरजवळचे वळण सर्वांत आधी घाण धरते. साखळी मोठ्या चकतीवर सहज चढते, पण लहान चकतीवर उतरताना रेंगाळते, हे तार अडकत असल्याचे ठळक लक्षण होय. चढवताना तार बोटाच्या जोराने ओढली जाते. उतरताना मात्र डिरेलरच्या स्प्रिंगवरच भिस्त असते.

तारेचे धागे बहुधा शिफ्टरच्या आत, मुंडीपाशी एकेक करून तुटतात आणि बाहेरून दिसत नाहीत. तार पूर्ण तुटल्यास बहुतेक सायकलींत साखळी सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसते. घाटात हा प्रसंग ओढवला, तर उरलेला चढ सर्वांत जड गिअरवर काढावा लागतो.

तार बदलताना साखळी प्रथम सर्वांत लहान चकतीवर आणावी, डिरेलरचा बोल्ट सैल करून जुनी तार शिफ्टरमधून बाहेर ढकलावी. आवरण धारदार कटरने सरळ कापावे, दबलेले तोंड टोच्याने मोकळे करावे.

आवरण निवडताना झालेली गफलत मात्र जिवावर बेतू शकते. ब्रेकच्या नेहमीच्या आवरणातील पोलाद स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते, तर गिअरच्या आवरणातील तारा उभ्या असतात. जोरात ब्रेक दाबताच गिअरचे आवरण फाटू शकते. म्हणून ते ब्रेकला कधीही वापरू नये.

नवी तार काही दिवसांत 'ताणली जाते' असा समज आहे. वास्तविक आवरणाची टोके खोबणीत घट्ट बसत असल्याने ती सैल पडते. अशा वेळी डिरेलरवरील समायोजक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा थोडा फिरवल्यास गिअर पुन्हा जुळतात.