चेतापेशींचा सांधा आणि काशीतील एक नोंद

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. त्याच्या दक्षिणेस असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात चेतापेशींच्या सांध्याच्या इतिहासातील एक पान लिहिले गेले.

चेतापेशी योग्य जोडीदार कशी ओळखते? पृष्ठभागावरील रासायनिक खुणांवरून, असे रॉजर स्पेरी यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढे जेराल्ड एडेलमन यांच्या प्रयोगशाळेने चेतापेशींना परस्परांशी चिकटवणारा रेणू वेगळा केला. १९९२ मध्ये कोळ्याच्या विषाचा मागोवा घेताना ‘न्युरेक्सिन’ सापडले. १९९५ मध्ये पलीकडच्या पेशीवरील त्याचा जोडीदार, ‘न्युरोलिजिन’. २००३ मध्ये न्युरोलिजिनच्या जनुकांतील बिघाडाचा स्वमग्नतेशी संबंध आढळला.

२०१४ मध्ये काशीतील एम. के. ठाकूर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की जन्माच्या आगेमागे प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए शरीरात गेलेल्या नर उंदरांच्या मेंदूत न्युरेक्सिन-१ आणि न्युरोलिजिन-३ वाढतात, आणि जागेची स्मृती मात्र क्षीण होते. म्हणजे सांधणारे रेणू वाढले की मेंदू सुधारतो, असे नव्हे; त्यांचे प्रमाण राखले जाणे महत्त्वाचे.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही गर्भवतीच्या हाती प्लास्टिकची बाटली देताना तो विसरणे योग्य नव्हे.