ब्रह्मकमळाला हळदकुंकू आणि ड्रॅगन फ्रूटला 'चायनाचं झाड'?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला शेजारच्या काकू आमच्या गच्चीवर आल्या. हातात हळदकुंकवाची कोयरी. "ब्रह्मकमळ फुललंय म्हणं तुमच्याकडं?" मी म्हटलं, "काकू, ब्रह्मकमळ नव्हे, ड्रॅगन फ्रूटचं फूल आहे." झालं! कोयरी मिटली. "ते चायनाचं? काटेरी झाड घरात ठेवू नये ओ, काढून टाका."

काकूंची चूक तशी माफ आहे. दोन्ही फुलं पांढरी, दोन्ही रात्री उमलतात, सकाळी मान टाकतात. कारण दोघंही भाऊबंद, निवडुंगाच्या कुळातले. आपण कुंडीत लावतो ते 'ब्रह्मकमळ' मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, थंडीत उगवतं, कोल्हापूरच्या गच्चीवर ते जगणारच नाही. पण कुणीतरी नाव दिलं, शेजाऱ्यांना बोलवून पूजा सुरू झाली आणि परदेशी झाड देवाचं झालं. कुणी आदेश काढला नव्हता.

ड्रॅगन फ्रूटचं गावही तेच, मध्य अमेरिका. तिकडं त्याला पिटाया म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ते व्हिएतनामला नेलं. तिथल्या लोकांनी नाव ठेवलं 'थान्ह लाँग', म्हणजे हिरवा ड्रॅगन. म्हणजे हा ड्रॅगन चीनचा नव्हे, व्हिएतनामचा. भारतात ते १९९०च्या सुमारास आलं, तेही आधी परसबागेतलं झाड म्हणून. पुढं शेतात गेलं. २०२१च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट दुबईला गेलं.

त्याच वर्षी जानेवारीत गुजरात सरकारनं त्याचं 'कमलम' असं बारसं केलं. मुख्यमंत्री विजय रूपाणींचं म्हणणं, फळ कमळासारखं दिसतं आणि ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो. गांधीनगरच्या भाजप कार्यालयाचं नावही 'कमलम'च, त्यामुळं टिंगल व्हायची ती झाली. माझी तक्रार वेगळी आहे. नाव बदलायला हरकत नाही, पण ते लोकांच्या तोंडात बसावं लागतं. सीताफळ, रामफळ मूळची अमेरिकेचीच, त्यांना सीता-राम कुणी जीआर काढून दिले नाहीत. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपल्या 'मिरी'वरून तिचं नाव पडलं. आज तांबड्या रश्श्यातून ती काढा बघू! चंदगड-आजऱ्याचा काजूही त्याच गलबतांतून आलेला. आणि राजर्षी शाहू महाराजांनी तर पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. या मातीला परक्या झाडाची भीती कधी नव्हती.

भीती बाळगावी असं एक उदाहरण मात्र आहे, ते लपवत नाही. फड्या निवडुंग. तोही अमेरिकेचाच. कंपनी सरकारला लाल रंगासाठी कोचिनीलचे किडे पाळायचे होते, म्हणून १७९५ला कॅप्टन नील्सननं ब्राझीलहून ते कलकत्त्याला आणले. किडा निघाला हलक्या जातीचा. रंगाचा धंदा बसला, पण त्या किड्यानं निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीनं पुढं रानंच्या रानं व्यापली. तिच्यावर दुसरा किडा १९२६ला सिलोनहून दक्षिण भारतात आणावा लागला. तेव्हा झाड आणताना विचार करावा हे खरं, पण तो त्याच्या स्वभावाचा करावा, नावाचा नव्हे.

ड्रॅगन फ्रूटचा स्वभाव गरीब. वीतभर कांडी चार-पाच दिवस सावलीत सुकवायची, कापलेली जागा भरली की लावायची. आपली काळी माती पाणी धरते आणि इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. नुसत्या मातीत मूळ कुजतं, माझी पहिली दोन रोपं तशीच गेली. आता अर्ध्या ड्रममध्ये वाळू, विटांचा चुरा, शेणखत घातलंय. मधे खांब, वर जुना टायर, फांद्या त्यावरून खाली लोंबतात. फूल एकच रात्र, म्हणून मी ब्रशनं परागकण फिरवतो. काही जातींना दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात.

फुलापासून फळ तयार व्हायला साधारण महिना. गुलाबी झालं की हात शिवशिवतात, पण आणखी तीन-चार दिवस थांबायचं. हे फळ आंब्यासारखं आढीत पिकत नाही, झाडावर जेवढं गोड झालं तेवढंच. लांब पाठवायला लवकर तोडतात, म्हणून बाजारातलं बऱ्याचदा पाणचट लागतं. ओढून काढायचं नाही, थोडी फांदी ठेवून कात्रीनं कापायचं.

काल ते कापलं. अर्धं काकूंना दिलं. त्यांनी चमच्यानं खाल्लं, बिया दाताखाली चावून बघितल्या. "बरं आहे," म्हणाल्या, "पण आपल्या गावठी सीताफळाची सर नाही बगा."

मी गप्प बसलो.