कूळ, मालक आणि माती

मंडळी, इंग्लंडला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली काही वर्षं भाड्याच्या घरात काढलेली असतात. त्या घराच्या मागच्या अंगणात किती जणांनी गुलाबाची कलमं लावली? सहसा कुणीच नाही. करार सहा महिन्यांचा, पुढचं काही सांगता येत नाही, मग कशाला? तोच माणूस स्वतःचं घर घेतल्यावर मात्र दर शनिवारी गार्डन सेंटरमधून कंपोस्टची पोती वाहून आणतो. आमच्या आयटीतही हाच प्रकार. तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला माणूस नेमून दिलेलं काम चोख करेल, पण दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये कॉमेंट लिहीत बसणार नाही. तो आळशी असतो असं नव्हे. त्या कष्टाचं फळ खायला आपण इथे नसणार, हे त्याला ठाऊक असतं.

शेतीत हा प्रश्न शेकडो वर्षं जुना आहे. जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसरा, तर मातीची काळजी कोण घेणार? 'जो कसतो त्याला मालक करा, माती आपोआप सुधारेल' हे उत्तर पटकन सुचतं. ते बरंचसं खरंही आहे. पण मी राहतो त्या पिनरचा आणि माझं आजोळ असलेल्या अलिबागच्या खारेपाटाचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की हे उत्तर अर्धंच आहे.

पिनरचं गवत

आज पिनर म्हटलं की मेट्रोपॉलिटन लाइन, हाय स्ट्रीट आणि घरांच्या किमती डोळ्यांपुढे येतात. पण रेल्वे इथे आली १८८५ साली. त्याआधी हे हॅरोच्या जहागिरीतलं एक शेतकरी गाव होतं. दरवर्षी मुलांना घेऊन आपण ज्या जत्रेला जातो, तिची सनद १३३६ सालची, आणि ती मिळाली होती जहागिरीचे मालक असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपना. हेडस्टोन मॅनरमधलं मोठं लाकडी कोठार १५०६ सालचं आहे. मालक मोठा आणि दूरचा, कसणारे मात्र वेगळे, हे चित्र इथलंही.

हॅरो परिसरातल्या मोकळ्या सामायिक शेतांना कुंपणं घालण्याचा कायदा १८०३ साली झाला आणि अंतिम वाटप १८१७ साली. त्यात छोट्या लोकांचे सामायिक चराईचे हक्क गेले. दरम्यान लंडन वाढत होतं आणि लंडनची सगळी वाहतूक घोड्यांवर होती. घोड्यांना गवत लागतं. त्यामुळे मिडलसेक्सचा हा भाग हळूहळू धान्य सोडून गवताकडे वळला.

आता गंमत पाहा. भाडेकरू शेतकऱ्याने दरवर्षी गवत कापून लंडनला विकलं, तर जमिनीचा कस गाडीत भरून शहरात जातो. चार-पाच वर्षांत शेत खंगतं, भाडेकरू दुसरीकडे जातो आणि नुकसान मालकाच्या पदरी पडतं. म्हणून लंडनच्या आसपासच्या भाडेपट्ट्यांमध्ये अट असे, की गवत बाहेर विकायचं तर त्या प्रमाणात शेणखत शेतात परत आणायचं. गवत घेऊन गेलेल्या गाड्या येताना घोड्यांची लीद घेऊन येत. मालकीत काहीही फरक पडला नव्हता. नुसत्या करारातल्या एका अटीने माती राखली.

घसाऱ्याचा हिशेब

पण अटींनी माती फार तर राखली जाते. ती सुधारायची तर खर्च करावा लागतो आणि तो कोण करणार? चुना टाकला तर त्याचा गुण अनेक वर्षं टिकतो. जमिनीखालून निचऱ्याचे नळ घातले तर एक पिढी निघते. एक वर्षाच्या नोटिशीवर बसलेला भाडेकरू हा खर्च का करेल? उलट जायची वेळ आली की तो जमीन पिळून घेणार.

याला लिंकनशरमधल्या शेतकऱ्यांनी कायद्याशिवाय रिवाजानेच उत्तर काढलं होतं. जाणाऱ्या भाडेकरूने घातलेल्या हाडांच्या खताचा, चुन्याचा, जनावरांना खाऊ घातलेल्या पेंडीचा न वसूल झालेला भाग येणाऱ्याने किंवा मालकाने भरून द्यायचा. १८४८ साली फिलिप पुसी यांच्या संसदीय समितीने या रिवाजाची चौकशी केली आणि १८७५ साली तो कायद्यात आला.

त्या कायद्यातली वर्गवारी पाहून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. पहिला वर्ग निचरा, इमारती वगैरे कामांचा: मुदत २० वर्षं. दुसरा चुना, हाडं अशा गोष्टींचा: ७ वर्षं. तिसरा विकतच्या खताचा आणि पेंडीचा: २ वर्षं. म्हणजे चक्क मातीत घातलेल्या पैशांचं घसारापत्रक! १८७५ च्या कायद्यात एक पळवाट होती. मालकाला करारात 'हा कायदा आम्हाला लागू नाही' असं लिहून मोकळं होता येई, आणि पुष्कळांनी तेच केलं. १८८३ साली ही पळवाट बंद झाली. पुढे १९४८ साली भाडेकरूला जवळजवळ तहहयात संरक्षण मिळालं.

१९९५ साली मात्र इंग्लंडने करार पुन्हा मोकळे केले. आज इथली साधारण एक तृतीयांश शेतजमीन भाड्याने कसली जाते आणि नवे करार बरेचदा जेमतेम तीन-चार वर्षांचे असतात. मातीचा कस वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. २०२२ साली बॅरोनेस केट रॉक यांच्या अहवालाने हेच दुखणं मांडलं आणि किमान आठ वर्षांचा करार देणाऱ्या मालकालाच वारसा कराची सवलत द्यावी असं सुचवलं. दीडशे वर्षांनी प्रश्न पुन्हा तिथेच.

चरीचा संप

आता आपल्याकडे येऊ. इंग्लंडमधला भाडेकरू निदान वकील गाठू शकत होता. त्याच काळात कोकणातल्या कुळाची काय अवस्था होती? बऱ्याच कुळांची कबुलायत दरसालची. पिकातला मोठा हिस्सा खोताच्या किंवा सावकाराच्या घरी जायचा, वर वेठबिगार. शेतात काही सुधारणा केली की पुढच्या वर्षी खंड वाढणार, नाहीतर दुसरं कूळ येणार. अशा माणसाने मातीत जीव का ओतावा?

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. २५ गावं त्यात होती. खंडाने जमीन करायचीच नाही, असा निश्चय. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शेतकऱ्यांनी सहा वर्षं लाकूडफाटा विकून, मासळी धरून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. १९३९ साली संप मिटला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा पहिला कुळकायदा झाला. १९४८ साली त्याहून व्यापक कायदा आला. त्यात कुळाने केलेल्या सुधारणेची भरपाई होती, आणि जमिनीचं कायमचं नुकसान करणाऱ्या कुळाला काढण्याची तरतूदही. इंग्लंडमधलेच दोन धागे! १९४९ साली खोती रद्द झाली. शेवटी १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं खरेदीदार मानलं गेलं. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, हप्त्यांनी फेडायची.

सगळीकडे हे सरळ घडलं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांच्या १९५७ च्या अहवालात दिसलं, की दरम्यानच्या काळात कितीतरी कुळांनी जमिनी 'स्वखुशीने' सोडल्या होत्या. ही खुशी कुणाची, हे सांगायला नको. पण चरीच्या पट्ट्यात संघटना होती, त्यामुळे अनेक घरांत सातबारा आला. माझे आजोबा त्यांतलेच.

बांध कुणाचा?

इथे गोष्ट संपायला हवी होती. कसणारा मालक झाला, आता माती सुखी. पण खारेपाटाची माती वेगळी आहे. ही जमीन खाडीकडून मिळवलेली. बाहेरून मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाने काही वर्षं मीठ धुऊन काढायचं, आणि मग भात. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात उघाड्या. एकदा उधाणाने बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तरी भाताचं नाव नको.

म्हणजे इथे माती राखणं म्हणजे बांध राखणं. आणि बांध एकट्याला राखता येत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती. खार बांधणारा शिलोत्रीदार कुळांकडून सरकारी साऱ्याशिवाय बिघ्यामागे मणभर भात घेई आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याची. काही खारी गावकरीच सामायिक राखत. जोळ म्हणून पद्धत होती. बांधाला धोका दिसला की घरटी माणूस चिखल काढायला हजर.

१९४८ सालीच खारजमिनींसाठीही कायदा झाला आणि मंडळ आलं, १९७९ साली नवा कायदा. बांध हळूहळू सरकारी काम झाले. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. उधाण मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. एक तुकडा माझा, शेजारचा तुझा, आणि बाहेरचा बांध कुणाचा? तर सरकारचा. जोळ मोडली. जुने शेतकरी सांगतात की पूर्वी वीतभर खांड रातोरात बुजवली जायची, आता तीच वाढत जाऊन अख्खी खार बुडते. बुडालेल्या शेतात कांदळवन उगवतं आणि मग ते कायद्याने तोडताही येत नाही. सातबारा मालकाच्या नावावर, शेत खाडीचं!

मालकीने जी खात्री दिली, ती आपल्या तुकड्यापुरती. सामायिक बांधाची जबाबदारी कुणाच्या तरी नावे स्पष्ट असावी लागते, ती सातबाऱ्यावर येत नाही.

अडीच गुंठ्यांची शेती

आता पुन्हा पिनर. इथे आणि एकूणच हॅरोत कौन्सिलची अलॉटमेंट आहेत. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या भाषेत अडीच गुंठे. आपल्यातली काही मंडळी तिथे मेथी, लाल माठ, मिरच्या लावतात. जमीन कौन्सिलची, करार वर्षावर्षाचा. म्हणजे कागदावर पाहिलं तर चरीच्या कुळासारखाच. तरी लोक तिथे घोड्याची लीद आणून कुजवतात, सफरचंदाची झाडं लावतात. का? कारण १९०८ च्या कायद्याने अशी जमीन पुरवणं स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं, १९२५ च्या कायद्याने अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आणि १९२२ व १९५० च्या कायद्यांप्रमाणे कौन्सिलने प्लॉट काढून घ्यायचा तर साधारण १२ महिन्यांची नोटीस आणि उभ्या पिकाची व घातलेल्या खताचीसुद्धा भरपाई. शिवाय पाण्याचा नळ, रस्ता, कुंपण कुणी बघायचं हे ठरलेलं. मालकी नाही, पण खात्री आहे आणि जबाबदारी वाटलेली आहे. माती काळीभोर.

आपला सातबारा

हे सगळं इथे लिहायचं कारण असं, की या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांचं नाव गावाकडच्या एखाद्या सातबाऱ्यावर असेल. आपले आजोबा कूळ असोत वा खोत, आज आपण सगळे एकाच जागी येऊन बसलो आहोत: दूरचा मालक. कसणारा गावातला कुणीतरी, तोंडी बोलीवर, वर्षापुरता, अर्धेलीने. लिहून द्यायला आपण घाबरतो. ही भीती उगाच नाही. कृषक दिनानंतर नव्याने कूळ लागलं तरी जमीन विकत मागण्याचा हक्क कायद्यात आहे. पण तोंडी बोलीमुळे कसणाऱ्याला पीककर्ज मिळणं कठीण, नुकसानभरपाई आपल्या खात्यात, आणि पुढच्या वर्षीची शाश्वती नाही. तो शेणखत का टाकेल, बांधावर माती का चढवेल? कुळाला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकाने नवं कूळ १९३३ च्या कुळाइतकंच अधांतरी झालं आहे. २०१६ साली नीती आयोगाने मालकी सुरक्षित ठेवून लेखी भाडेपट्टा देण्याचा नमुना कायदा सुचवला तो याच कोंडीवर.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. दरवर्षी नवा माणूस शोधण्यापेक्षा त्याच काकांना किंवा दादांना चार-पाच वर्षांचा शब्द द्यावा आणि तो पाळावा. शेणखताचा, माती तपासणीचा, बांधबंदिस्तीचा खर्च आपण उचलावा, कारण त्याचा टिकाऊ फायदा शेवटी आपलाच. भरपाई आपल्या नावावर आली तर ज्याचं पीक गेलं त्याचा वाटा त्याला पोचवावा. आणि खारेपाटातली जमीन असेल, तर गावाने बांधासाठी वर्गणी काढली की 'मी तिथे नसतो' हे कारण सांगू नये. पूर्वी हजेरी माणसाने लागत होती, आपली पैशाने लागेल.

या दिवाळीत गावी फोन कराल तेव्हा फराळाच्या गप्पांबरोबर एवढं विचारा: यंदा शेतात खत किती पडलं, आणि बांध धड आहे ना?