सिंधुरत्नच्या बॅटऱ्या

परवा घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. पन्नास-पंचावन्न किलोचं ते धूड तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोन माणसांना घाम फुटला. त्यातला एकजण म्हणाला, "साहेब, अजून सहा महिने ओढली असती की." त्यावरून मला 'सिंधुरत्न' आठवली.

सिंधुरत्न ही आपल्या नौदलाची रशियन बनावटीची, किलो वर्गातली पाणबुडी. 1988 साली दाखल झाली. गंमत म्हणजे बरोब्बर शंभर वर्षं आधी, 1888 मध्ये, इसाक पेराल या स्पॅनिश नौदल अधिकाऱ्याची पूर्णपणे बॅटरीवर चालणारी पाणबुडी पाण्यात उतरली होती. शिसं-आम्लाची बॅटरी तर आणखी जुनी, फ्रान्सच्या प्लान्तेची, 1859 ची. मधल्या काळात सगळं बदललं, पण डिझेल इंजिनाला हवा लागते आणि ती पाण्याखाली नसते. त्यामुळे वर येऊन चार्ज करायचं आणि खाली बॅटरीवर जगायचं, हे गणित तसंच राहिलं.

आता आकडे बघा. किलो वर्गाच्या पाणबुडीत 240 सेल, प्रत्येकी साधारण 800 किलोचा. म्हणजे जवळजवळ 192 टन! हे सगळं माणसं राहतात-झोपतात त्या डेकखालच्या खड्ड्यांत. बदलायचं म्हणजे एकेक सेल क्रेनने उचलून हॅचमधून काढायचा आणि नवा तसाच आत उतरवायचा. बरं, एखाद-दुसरा बदलून भागत नाही. सेल एकामागोमाग सिरीजमध्ये जोडलेले असतात, आणि त्यातला एक मरतुकडा निघाला की तो सगळ्या माळेला खाली ओढतो. शिवाय चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरे. फेब्रुवारी 2010 मध्ये विशाखापट्टणमला 'सिंधुरक्षक'वर बॅटरीच्या भागातच आग लागून एक नौसैनिक गेला होता.

26 फेब्रुवारी 2014 ला सिंधुरत्न दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी मुंबईजवळच्या समुद्रात होती. तिसऱ्या कप्प्यात धूर झाला. कप्पा बंद करण्यात आला आणि लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल व लेफ्टनंट मनोरंजन कुमार आतच राहिले. जुन्या बॅटऱ्यांची मुदत संपली होती, नव्या आल्याच नव्हत्या, हे तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. चौकशीत मात्र केबलमधल्या बिघाडाकडे बोट दाखवलं गेलं. आता बॅटरी की केबल यावर वाद घालता येईल. मला त्यात फारसा रस नाही. 192 टन सामान वेळेवर मागवणं हे काम कुणाच्या तरी टेबलावर असतं आणि फाईल टेबलावर असताना पाणबुडी मात्र समुद्रात जाते. (आमच्याकडेही सर्व्हर असेच "अजून एक वर्ष" चालवतात, पण तिथे फार तर वेबसाईट बंद पडते.)

नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ऑगस्ट 2013 मध्ये मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षकच्या स्फोटात 18 जण गेले होते, त्यानंतर छोटे-मोठे अपघात चालूच होते. सरकारने राजीनामा लगेच स्वीकारला. बॅटऱ्यांच्या खरेदीवरून आणखी कुणी राजीनामा दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.