पन्नासपैकी अडतीस

आमच्या दर्यापूरच्या माणसाला पाण्याची चव कळते. इतर गावांतले लोक पाणी पितात. आम्ही ते आधी चाखतो, मग पितो. त्याला कारण आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याच्या ऐन पोटात आमचं गाव बसलं आहे. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी लागायचं ते खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि त्याचा चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. ह्या पाण्यापायी पट्ट्यातल्या कितीतरी घरांत किडनीची दुखणी शिरली, ती गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. पुढं शहानूर धरणाचं गोडं पाणी नळाला आलं. पण पहिला घोट जिभेवर घोळवायची सवय काही सुटली नाही.

आता इंग्लंडात बर्टन नावाचं एक गाव आहे. त्याही गावच्या विहिरींचं पाणी असंच जड, जिप्समनं भरलेलं. आपण अशा पाण्याला शिव्या घातल्या असत्या. बर्टनच्या लोकांनी त्याची बिअर केली. जिप्सममुळं हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा स्वच्छ आणि खणखणीत उतरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याआधी हिंदुस्थानातल्या साहेबलोकांची तहान लंडनजवळच्या बो गावचा हॉजसन भागवत असे. त्याची पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला उतरत. १८२० नंतर बर्टनचे ऑलसॉप आणि बास ह्या धंद्यात उतरले आणि हॉजसनचं आसन डळमळलं. ह्या हिंदुस्थानी पेल एलचं नाव जगभर झालं. ‘हिंदुस्थानी’ म्हणजे आपण फक्त गिऱ्हाईक, आणि तेही आपण नव्हे, आपल्या डोक्यावर बसलेले साहेब! पाणी त्यांचंही वाईट होतं आणि आमचंही. फरक इतकाच, की त्यांच्यात जिप्सम निघालं आणि आमच्यात मीठ. नशीब, दुसरं काय!

हा सगळा इतिहास मला माझ्या भाच्यानं शिकवला. तो पुण्याला असतो. कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईला कळत नाही, आणि मला विचारायचं धाडस होत नाही. फावल्या वेळात तो बिअरचा अभ्यास करतो. ‘पितो’ म्हटलेलं त्याला खपत नाही. गेल्या दिवाळीला तो चिवड्याच्या डब्यासोबत लाल-तपकिरी रंगाच्या चार बाटल्या आणि छापील कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला.

‘‘मामाजी, ही अंबर एल आहे. एका छोट्या ब्रुअरीची. तुम्ही हिची परीक्षा करायची.’’

‘‘मी? अरे, मला त्यातलं काय कळतं?’’

‘‘तुम्ही ग्रेडर होते ना?’’

होतो खरा. १९७२ साली महाराष्ट्र सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, आणि पुढं काही वर्षं कापसाची प्रत ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची. गाडीवरचा मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा, लांबी बघायची, ओल बघायची, कचरा बघायचा, रंग उन्हात धरायचा आणि सांगायचं: सुपर, एफएक्यू, नाहीतर कवडी. गाडीवान त्या वेळी कापसाकडं बघत नसे, माझ्या तोंडाकडं बघे. त्याच्या मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, घरावरची टिनं, सगळं माझ्या चिमटीत अडकलेलं असायचं. ह्या तऱ्हेची परीक्षा ज्यानं केली त्याला बिअरची करायला बसवणं, म्हणजे मॅट्रिकचे पेपर तपासणाऱ्याकडून पोरांची पतंगबाजी तपासून घेण्यासारखं आहे. पण भाच्यापुढं मामाचं चालतं कुठं?

त्याचा कागद मात्र मला आवडला. अमेरिकेत १९८५ साली बिअरच्या परीक्षकांची परीक्षा घेणारी एक संस्था निघाली. तिच्या कागदावर एकूण गुण पन्नास: वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या भरीवपणाला पाच आणि एकंदर मताला दहा. रूपाला फक्त तीन! आमच्याकडं मुलगी बघायला जाणाऱ्या मंडळींना हा कागद वेळेवर मिळायला हवा होता, असं मला वाटून गेलं.

बाटली उघडण्याआधी कायद्याचा प्रश्न निघाला. आमच्या राज्यात बिअर प्यायला वयाची एकवीस वर्षं लागतात आणि कडक दारूला पंचवीस. तेवढ्या अटीत मी केव्हाच बसलो आहे. पण परवानाही लागतो. एक दिवसाचा देशीचा दोन रुपये, विदेशीचा पाच, जन्मभराचा हजार. भाच्याकडं जन्मभराचा होता. माझ्यासाठी त्यानं पाच रुपयेवाला आणला. म्हटलं, ‘‘अरे, ही तर पुण्यात बनलेली, मग विदेशी कशी?’’ मग माझं मलाच पटलं. वऱ्हाडी माणसाला पुणं विदेशीच.

गंमत पुढं आहे. हा पिण्याचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो त्याचं नाव आहे दारूबंदी कायदा! मुंबई राज्यानं तो १९४९ साली केला. १९५६ साली आम्ही विदर्भवाले त्या राज्यात गेलो आणि यथावकाश तो आमच्याही पदरी पडला. पुढं बंदी सैल झाली, दुकानं उघडली, बार उघडले, पण कायद्याचं नाव काही कुणी बदललं नाही. बदललं ते एवढंच, की ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं. आणि परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! बंदीच्या कायद्याखाली, प्रकृतीच्या कारणासाठी, पाच रुपये भरून सरकारी संमतीनं प्यायची सोय जगात आणखी कुठं असेल तर कळवावं.

सरकार आणि मद्य ह्यांची ही सोयरीक जुनीच आहे म्हणा. कौटिल्यानं अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. मद्याचे सहा प्रकार त्यानं सांगितले. त्यातलं ‘मेदक’ म्हणजे तांदूळ, पाणी आणि किण्व ह्यांचं मिश्रण, मापांसकट दिलेलं. धान्य आंबवून केलेलं पेय, म्हणजे बिअरची चुलत बहीणच. गुत्त्यात निजायला खाटा हव्यात, सुगंध हवा, आणि गिऱ्हाईक ऐपतीबाहेर खर्च करतंय का हे बघायला हेर हवेत, असंही त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं टिपून घ्यायचं. आजचं उत्पादनशुल्क खातं कौटिल्याच्या पुढं फारसं गेलेलं नाही.

असो. बाटली उघडली.

भाच्यानं पेला उजेडात धरायला सांगितला. रंग खरोखर देखणा होता. संक्रांतीच्या गुळाच्या पाकाला पहिली तार येते तेव्हा जो रंग असतो, तो. हा रंग कसा येतो तेही त्यानं समजावलं. जव भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. हे झालं माल्ट. पण काही माल्ट ओलं असतानाच उबेत ठेवतात. दाण्याच्या आतल्या आत साखर तयार होते, आणि मग ते भाजलं की ती साखर करपायच्या बेताला येऊन थांबते. त्यानं बिअरला तांबूस रंग आणि खमंग गोडवा येतो. आपल्याकडं बाटलीतून बहुतेक मिळते ती लागर. ती थंडीत, सावकाश आंबते. एलचं किण्व जरा उबेत आणि लवकर काम उरकतं, आणि जाताना फळांसारखा वास ठेवून जातं.

‘‘अंबर हे नाव फार जुनं नाही, मामाजी. अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर करायला कायद्यानं मोकळीक मिळाली. हौशी लोक कामाला लागले, आणि ऐंशीच्या दशकात तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या ब्रुअऱ्यांनी हे नाव रूढ केलं. पुण्यात पहिली छोटी ब्रुअरी २००९ साली निघाली. डूलाली.’’

‘‘हे काय नाव?’’

‘‘आपल्या नाशिकजवळचं देवळाली!’’

देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून असत. उन्हानं, तापानं आणि रिकामपणानं त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणू लागले. म्हणजे आमचं गाव त्यांच्या कोशात गेलं ते वेडाच्या अर्थानं, आणि तिथून परत आलं ते बिअरच्या पाटीवर!

मी हुंगलं. भाजलेल्या पावाचा वास, मागं थोडं संत्र्याचं साल. संत्रं म्हटल्यावर अमरावती जिल्ह्याचा माणूस पक्षपात करणारच. वासाला बारापैकी नऊ दिले. रूपाला तिनापैकी तीन. चव आधी गोडसर, मग कडवट, आणि शेवटी दोन्हींनी समजुतीनं एकत्र राहायचं ठरवावं तशी, विसापैकी सोळा. भरीवपणाला चार. बत्तीस झाले. एकंदर मताचे दहा तेवढे राहिले.

इतक्यात ताई आली. ताई म्हणजे भाच्याची आई, माझी मोठी बहीण. ती बराच वेळ दारातून बघत होती.

‘‘कायले इतलं हुंगून रायला रे भाऊ? सडलं काय?’’

‘‘नाही ताई, परीक्षा चालू आहे.’’

‘‘कायची?’’ तिनं बाटली उचलून पाहिली. ‘‘हे उभी होय का आडवी?’’

भाच्याला कळलं नाही. मला कळलं. आमच्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बाया सह्या गोळा करतात, मग मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या. आडवी म्हणजे झोपवा. गावातल्या एकूण बाई-मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान जातं. हीही परीक्षाच आहे. तिच्यात पन्नास गुण नाहीत, वास नाही, रंग नाही. आणि परीक्षकांनी तो पदार्थ जन्मात चाखलेला नसतो. त्यांनी त्याची चव घेतलेली असते ती वेगळ्या मार्गानं, म्हणजे नवऱ्याच्या हातून.

आमचा मुलूखच असा आहे. शेजारचं शेंडगाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडतं. तिथं १८७६ साली झिंगराजी परटाच्या घरी डेबू जन्मला. झिंगराजी दारूपायी गेला. आई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी राहायला गेली. ह्या पोरानं पुढं मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणं बोकड-दारू न करता गोडाचं जेवण घातलं तेव्हा जातभाई चिडले होते. १९०५ साली त्यानं घर सोडलं आणि हातात खराटा घेतला. गाडगेबाबा ते हेच. खराट्यानं गाव झाडायचं आणि कीर्तनानं डोकी. त्या कीर्तनांत दारूचा हिशेब असायचाच, आणि तो बाबा श्रोत्यांकडूनच मांडून घेत.

त्याच पद्धतीनं मी भाच्याला विचारलं, ‘‘बापू, हा पेला पुण्यात केवढ्याला?’’

‘‘साडेतीनशे.’’

‘‘ज्वारीचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला तीन हजार तीनशे एकाहत्तर होता. म्हणजे हा पेला दहा किलोंहून जास्त ज्वारीचा.’’

तो हुशार आहे. म्हणाला, ‘‘मामाजी, ज्वारीचीही बिअर होते. नायजेरियानं १९८८ साली जव आणणं बंद केलं, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्या ज्वारीवर आल्या. आपल्याकडं केली तर शेतकऱ्याला भाव मिळेल.’’

हे मी पूर्वी ऐकलं होतं. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारनं अनुदान देऊ केलं, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं होतं. डॉ. अभय बंगांसारख्या माणसांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्वारीला भाव मिळायला हवा, ह्यात वाद नाही. मी उभा जन्म भावाच्या रांगेसमोर काढला आहे. पण दहा किलोचे पैसे मिळालेला गडी संध्याकाळी कुठल्या दुकानापुढं उभा राहील, हे भाच्याच्या कागदावर कुठल्याच रकान्यात नाही. आणि तिथं तो अंबर एल मागणार नाही, दोन रुपयांचाही परवाना काढणार नाही.

भाचा हिरमुसला. त्याला वाटलं, मामा आता भोपळा देणार. पण ग्रेडरनं मालाची प्रत मालावरून ठरवावी. गाडीवानाची परिस्थिती बघून नव्हे, आणि गिऱ्हाईकाची बघून तर नव्हेच. माल स्वच्छ होता, करणाऱ्यानं जीव ओतून केला होता. एकंदर मताला मी दहापैकी सहा दिले. अडतीस. त्या अमेरिकन कागदाप्रमाणं अडतिसापासून ‘उत्कृष्ट’ सुरू होतं, म्हणजे उंबरठ्यावर का होईना, पास केलं.

‘‘हे चार कायचे कापले, मामाजी?’’

‘‘तुझ्या आईला विचार.’’

ताईनं उरलेल्या तीन बाटल्या उचलून फडताळात ठेवल्या. आडव्या. उभ्या मावत नाहीत, असं ती म्हणाली.